पहिलं फूल कुणाला दिसलं? मार्शमची वसंतवही वाचताना

जानेवारीचा शेवटचा आठवडा आला की पळसाचे फोटो फिरायला लागतात. खाली एक ओळ असते: ‘यंदा पळस लवकर फुलला.’ आठवडाभरात कुणीतरी त्या ओळीला हवामानबदल जोडतं, आणि मार्चपर्यंत ती एखाद्या सिनॉप्सिसमध्ये ‘असे निदर्शनास आले आहे की’ अशी सजून बसलेली असते.

तुम्ही संशोधनाची तयारी करत असाल तर या ओळीपाशी जरा थांबा. ‘यंदा’ म्हणजे कुठल्या वर्षांच्या तुलनेत? ‘पळस’ म्हणजे कुठला, किती झाडं? ‘लवकर’ म्हणजे किती दिवसांनी? आणि ‘फुलला’ म्हणजे एका फांदीवर एक फूल, की सगळं झाड केशरी? चार शब्दांची ओळ आणि चारही शब्द सैल. ती खोटीच आहे असं मी म्हणत नाही. ती खरी की खोटी हे तपासताच येत नाही, आणि माझ्या मते हे जास्त वाईट आहे.

वसंताच्या पहिल्या खुणा टिपायचा छंद जुना आहे आणि त्यातून खरोखर चांगलं विज्ञान उभं राहिलंय. त्या शाखेला फिनॉलॉजी म्हणतात: झाडांच्या, पक्ष्यांच्या, कीटकांच्या आयुष्यातल्या ठरावीक घटना वर्षात कधी घडतात याचा अभ्यास. या शाखेत जिचं नाव आदराने घेतात अशी एक वही आपण आज वाचणार आहोत. वाचणार म्हणजे तपासणार. आपल्याकडे ‘पूर्वसाहित्याचा आढावा’ या प्रकरणात ‘अमुक यांनी तमुक साली असे म्हटले आहे’ असे मणी ओवत जायची पद्धत पडली आहे. पण आढावा घ्यायचा म्हणजे ते म्हणणं कसं तयार झालं, कुठवर ताणता येतं आणि कुठे तुटतं, हे बघायचं.

तर, रॉबर्ट मार्शम. जन्म १७०८, मृत्यू १७९७. इंग्लंडच्या नॉरफक परगण्यात, नॉर्विच शहराजवळ स्ट्रॅटन स्ट्रॉलेस नावाच्या गावी याची मोठी जमीन होती. माणूस झाडवेडा. झाडं लावायची, वर्षानुवर्षं त्यांचे घेर मोजायचे, हा त्याचा उद्योग. १७३६ पासून त्याने वसंताच्या खुणांच्या तारखा लिहायला सुरुवात केली, आणि १७८९ साली ती नोंद ‘इंडिकेशन्स ऑफ स्प्रिंग’ या नावाने रॉयल सोसायटीच्या ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’मध्ये छापून आली. (गिल्बर्ट व्हाइटचं सेलबर्नवरचं प्रसिद्ध पुस्तकही १७८९ चंच. पुढे दोघांचा पत्रव्यवहार झाला, व्हाइटच्या मृत्यूपर्यंत चालला. दोन म्हातारे एकमेकांना पक्षी कधी आले ते कळवतायत. असो.)

मार्शमच्या खुणा एकूण २७. स्नोड्रॉपचं फूल, हॉथॉर्नचं फूल, सलगमाचं फूल. ओक, बीच, बर्च, हॉर्नबीम, चेस्टनट अशा तेरा झाडांना फुटलेलं पहिलं पान. रूक जातीच्या कावळ्यांनी घरटं बांधायला घेतलं तो दिवस आणि त्यांची पिल्लं दिसली तो दिवस. बेडकांचं ओरडणं. थ्रश गायला लागला, कुकू ऐकू आला, नाइटिंगेल ऐकू आला, स्वॉलो म्हणजे आपल्या भिंगरीच्या कुळातली पाखरं आली. एक पिवळं फुलपाखरू. प्रत्येकापुढे तारीख, बस. आनंद झाला, सकाळ सुंदर होती, असं काही नाही.

वाचायला ही वही कंटाळवाणी आहे, अगदी रेल्वेच्या वेळापत्रकासारखी. तिची किंमत मात्र या कंटाळवाणेपणातूनच आलेली आहे. दर वर्षी त्याच खुणा, त्याच जागी. एखाद्या वर्षी काही नवल दिसलं म्हणून यादी बदललेली नाही, कंटाळा आला म्हणून निम्म्या खुणा गाळलेल्या नाहीत. मार्शम गेल्यावर त्याच्या घराण्याने हे काम चालू ठेवलं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीचा एक खंड सोडला तर पिढ्यानपिढ्या, थेट १९५८ पर्यंत. पहिल्या नोंदीच्या वेळी आपल्याकडे पहिला बाजीराव होता आणि शेवटच्या नोंदीच्या वेळी स्पुटनिक उडून झाला होता. एवढा काळ एकाच गावचा ओक कधी पालवला हे माहीत असणं ही साधी गोष्ट नाही.

पुढे अभ्यासकांनी ती वापरली. आयव्हन मार्गरी यांनी १९२६ मध्ये १७३६ ते १९२५ चा आढावा घेतला. १९९५ मध्ये टिम स्पार्क्स आणि पीटर केरी यांनी ‘जर्नल ऑफ इकॉलॉजी’त १९४७ पर्यंतच्या नोंदींचं सांख्यिकी विश्लेषण केलं आणि कोणती खूण तापमानाला कशी प्रतिसाद देते ते मांडलं. ढोबळमानाने, हिवाळा सरताना ऊब जास्त असली की बहुतेक खुणा लवकर दिसतात, पण सगळ्या सारख्याच प्रमाणात नाही. आज हा पेपर सगळीकडे उद्धृत होतो. इथवरचं तुम्हाला कुठल्याही गाइडकडून ऐकायला मिळेल. आता वहीला थोडे अवघड प्रश्न विचारू.

पहिला प्रश्न तारखेचाच. इंग्लंडने जुनं ज्युलियन कॅलेंडर सोडून ग्रेगोरियन स्वीकारलं ते सप्टेंबर १७५२ मध्ये. तेव्हा २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर उजाडला, मधले ११ दिवस गायब. म्हणजे १७५२ च्या आधीची कोणतीही इंग्लिश तारीख हातात आली की ती कुठल्या पंचांगातली हे आधी ठरवायचं. न ठरवता आलेख काढलात तर १७५२ पाशी अख्खा वसंत ११ दिवसांनी सरकलेला दिसेल, झाडांनी काहीही न करता.

११ दिवस म्हणजे काही फार नाहीत असं वाटतंय? मग एक आकडा शेजारी ठेवा. ॲनेट मेंझेल आणि सहकाऱ्यांनी २००६ साली युरोपातल्या २१ देशांतल्या, ५४२ वनस्पती जातींच्या सव्वा लाखाहून जास्त नोंदमाला एकत्र तपासल्या. १९७१ ते २००० या काळात वसंत-उन्हाळ्यातल्या घटना सरासरी दर दशकाला अडीच दिवसांनी अलीकडे आल्या, असा निष्कर्ष निघाला. या वेगाने ११ दिवस सरकायला चार दशकांहून जास्त काळ लागेल. पंचांगाची एक चूक चाळीस वर्षांचा हवामानबदल बनावट तयार करू शकते किंवा खरा असलेला पुसूही शकते.

आणि हे फक्त इंग्रजांचं दुखणं नाही. आपल्याकडे ‘चैत्रात पालवी फुटते’ हे वाक्य प्रत्येकाच्या तोंडी आहे. पण चैत्र कधी सुरू होतो? गुढीपाडवा २०२३ मध्ये २२ मार्चला होता, २०२४ मध्ये ९ एप्रिलला, २०२५ मध्ये ३० मार्चला. २०२३ आणि २०२४ मध्येच १८ दिवसांचा फरक. अधिक महिन्यामुळे चांद्र वर्ष लांबच्या पल्ल्यात सूर्याशी जुळवून राहतं, पण एका वर्षातून दुसऱ्या वर्षात ते पुढे-मागे उड्या मारतं. एखाद्या जुन्या रोजनिशीत ‘चैत्र शुद्ध पंचमीस पिंपळ पालवला’ असं सापडलं तर सोबत शक किंवा संवत असेल तरच ते तुमच्या कामाचं. वर्ष नसेल तर ते वाक्य सुंदर आहे, जपून ठेवा, पण आलेखावर त्याला जागा नाही.

दुसरा प्रश्न जास्त खोल आहे आणि माझा खरा आक्षेप तोच आहे: ‘पहिलं’.

मार्शमच्या जवळजवळ सगळ्या खुणा ‘पहिल्या’ आहेत. पहिलं पान, पहिलं फूल, पहिला कुकू. छंद म्हणून हे अगदी स्वाभाविक आहे. पहिलं दिसण्यात मजा असते, दहावं फूल कोण मोजतं? पण सांख्यिकीच्या भाषेत ‘पहिलं’ म्हणजे किमान मूल्य, वितरणाचं अगदी टोक. आणि टोकाचा एक वाईट गुण आहे: तुम्ही किती ठिकाणी बघता यावर ते ठरतं.

कल्पनेतलं एक उदाहरण घेऊ. समजा एका भागात पळसाची झाडं सरासरी २० फेब्रुवारीला फुलायला लागतात आणि झाडाझाडांतलं प्रमाण विचलन ७ दिवस आहे, वितरण नॉर्मल. तुम्ही १० झाडांवर नजर ठेवलीत तर त्यातलं सगळ्यात आधीचं झाड साधारण ९ फेब्रुवारीच्या आसपास फुलेल. आता १००० झाडांवर नजर ठेवा. सगळ्यात आधीचं झाड २८-२९ जानेवारीलाच फुललेलं सापडेल. सुमारे १२ दिवसांचा फरक पडला. हवामान तेच, माती तीच, एकाही झाडाने आपली तारीख बदललेली नाही. फक्त बघणाऱ्याची व्याप्ती वाढली. (एक्सेलमध्ये किंवा आर मध्ये पाच मिनिटांत करून बघता येतं. करून बघाच, माझ्यावर विश्वास ठेवू नका.)

आता त्या फोटोंकडे परत या. पंधरा वर्षांपूर्वी ट्रेकला जाणाऱ्या दहा जणांमध्ये एकाकडे बरा कॅमेरा असायचा. आज प्रत्येकाच्या खिशात आहे, फोटो क्षणात शंभर ग्रुपांवर जातो. बघणारे डोळे वाढले की ‘पहिला पळस’ आपोआप अलीकडे येणारच. ‘यंदा लवकर फुलला’ या ओळीत किती वाटा झाडाचा आणि किती मोबाइलचा, हे वेगळं करण्याची सोय त्या फोटोत नसते.

उलटंही घडतं, आणि ते जास्त फसवं आहे. एखाद्या भागात झाडं तोडली जातात, संख्या घटते. मग पहिलं फूल ‘उशिरा’ दिसू लागतं आणि कुणीतरी म्हणतं, बघा, काही लवकर-बिवकर होत नाहीये. अब्राहम मिलर-रशिंग, डेव्हिड इनोये आणि रिचर्ड प्रायमॅक यांचा २००८ चा ‘जर्नल ऑफ इकॉलॉजी’तला पेपर नेमका यावरच आहे: झाडांची संख्या आणि निरीक्षणाची वारंवारता बदलली की पहिल्या फुलाची तारीख कशी सरकते. वारंवारतेचा मुद्दा सोपा आहे. तुम्ही फक्त रविवारी टेकडीवर जात असाल तर तुमच्या वहीतलं प्रत्येक पहिलं फूल रविवारी उमलणार.

बरं, ‘पहिलं’ सरकलं की बाकीचंही तेवढंच सरकलं असेल, असं तरी धरता येतं का? तेही नाही. अमेरिकेत कोलोरॅडोच्या डोंगरात गॉथिक नावाच्या ठिकाणी इनोये आणि सहकाऱ्यांनी ठरावीक चौकोनांत ३९ वर्षं फुलं मोजली. वीस लाखांहून जास्त फुलं. पॉल काराडोना, एमी आयलर आणि इनोये यांनी २०१४ मध्ये त्यातल्या ६० जातींचं विश्लेषण छापलं. पहिलं फूल, भर बहर आणि शेवटचं फूल हे तिन्ही एका चालीने सरकत नाहीत. काहींचा आरंभ अलीकडे येतो पण बहर जागचा हलत नाही, काहींचा हंगामच लांबतो. म्हणून फक्त ‘पहिलं’ मोजून सगळ्या हंगामाबद्दल बोलणं म्हणजे लग्नाला आलेल्या पहिल्या पाहुण्यावरून पंगत कधी बसली ते सांगणं.

हे नुसतं पुस्तकी भांडण नाही. गडचिरोली-गोंदियाकडे मोह फुलतो तेव्हा पहाटे उठून झाडाखाली पडलेली फुलं वेचणाऱ्या घरांचं वर्षाचं गणित त्यावर अवलंबून असतं. त्यांच्या दृष्टीने पहिलं फूल कधी पडलं याला फारसा अर्थ नाही. टोपली भरेल इतकी फुलं कधी पडायला लागतात आणि किती दिवस पडत राहतात, याला आहे. तुम्ही मोहावर प्रबंध लिहिलात आणि त्यात फक्त पहिल्या फुलाच्या तारखा असल्या, तर ज्यांच्या जगण्याशी तो विषय बांधलेला आहे त्यांच्या हाती तुम्ही काहीच दिलं नाहीत.

मग मार्शमची वही टाकून द्यायची? नाही, आणि इथे तिच्या बाजूनेही बोललं पाहिजे. तो एका इस्टेटीत बघत होता. दर वर्षी साधारण तीच जमीन, तेच रस्ते, एकाच घरातली माणसं. ‘पहिलं’ या शब्दामुळे येणारा कल त्याच्या नोंदीत आहे, पण तो एका वर्षाकडून पुढच्या वर्षाकडे फारसा बदलत नसावा. म्हणून उबदार वर्ष आणि थंड वर्ष यांची तुलना करायला ही वही भक्कम आहे. पण १७४० चा ओक आणि १९४० चा ओक यांची तुलना करताना मधे पाच-सहा पिढ्यांचे डोळे बदललेत, झाडं वाढलीत, तुटलीत, नवी लावली गेलीत. तिथे मी पाय जपून टाकेन. हीच वही एका प्रश्नाला पुरते आणि दुसऱ्याला कमी पडते. आढावा लिहिताना ‘विश्वसनीय’ आणि ‘अविश्वसनीय’ असे दोनच शिक्के घेऊन बसू नका.

‘पहिलं’ सोडून दुसरं काहीतरी टिपणारी जुनी परंपरा आहे का? आहे, आणि ती साहित्यातून आलेली आहे. जपानमधल्या क्योतो शहरात चेरी कधी फुलली याच्या नोंदी नवव्या शतकापासूनच्या आहेत. यासुयुकी आओनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी राजघराण्यातल्या, सरदारांच्या आणि भिक्षूंच्या रोजनिश्या, जुने इतिवृत्तांत चाळून त्या गोळा केल्या. त्या लोकांनी ‘डेटा’ म्हणून काही लिहिलं नव्हतं. मेजवानी झाली, फुलं पाहायला गेलो, असं लिहिलं होतं. पण लोक फुलं पाहायला जातात ते झाड भरून आल्यावर. त्यामुळे ही मालिका भर बहराची आहे, पहिल्या फुलाची नाही, आणि भर बहर हा एका भटक्या फुलावर अवलंबून नसतो. जागा एकच शहर, झाडाची जात ठरलेली, तिथी होती, तिचं रूपांतर करता आलं. २०२१ मध्ये क्योतोचा भर बहर २६ मार्चला आला, तोवरच्या बाराशे वर्षांच्या उपलब्ध नोंदींत सगळ्यात लवकर. हे विधान मला ‘यंदा पळस लवकर फुलला’पेक्षा कितीतरी जड वाटतं, कारण त्यातला प्रत्येक शब्द तपासता येतो.

(जाता जाता: मुंबईत ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर विक्रोळीच्या आसपास गुलाबी फुलांनी भरणाऱ्या झाडांना पेपरवाले हौसेने ‘मुंबईचं चेरी ब्लॉसम’ म्हणतात. ती टॅबेबुया रोझिया, मूळची उष्णकटिबंधीय अमेरिकेतली. चेरीशी नातं फक्त रंगाचं. पण रस्त्याच्या कडेला ओळीने लावलेली, सहज मोजता येणारी झाडं आहेत. कुणाला छोटा प्रकल्प हवा असेल तर वाईट नाही.)

क्योतोचं उदाहरण दिलं की हमखास विचारलं जातं, मग आपण ‘ऋतुचक्र’ का नाही वापरायचं? दुर्गा भागवतांचं हे पुस्तक १९५६ चं. बारा महिन्यांचे बारा लेख, चैत्रापासून फाल्गुनापर्यंत. त्यातलं ‘वसंतहृदय चैत्र’ तुमच्यातल्या काहींनी दहावीला कुमारभारतीत वाचलंही असेल. ‘१९५६ चं ऋतुचक्र आणि आजचे ऋतू: एक तुलना’ हे शीर्षक ऐकायला झकास आहे. कुठल्याही निवड समितीला आवडेल. तरीही या रूपात ते उभं राहणार नाही असं माझं मत आहे.

कारण ‘ऋतुचक्र’मधला चैत्र हा अमुक सालचा चैत्र नाही. अनेक चैत्र पाहिलेल्या डोळ्यांनी रचलेला तो एक चैत्र आहे. रोजनिशी लिहिणारा सरदार एका दिवसाबद्दल सांगत होता, ललित निबंध लिहिणारी लेखिका एका महिन्याच्या स्वभावाबद्दल सांगते. दोन्ही निरीक्षणंच, पण पहिल्याला तारीख आहे आणि दुसऱ्याला ती मुद्दामच नाही. त्यातून तारखा ओढून काढायला गेलात तर मजकूर काही तुमच्याशी भांडणार नाही, निमूट देईल, आणि त्यामुळेच तुम्ही फसाल.

पण याचा अर्थ ‘ते साहित्य आहे, विज्ञानाने लांब राहावं’ असाही घेऊ नका. मार्शमच्या वहीत जे अजिबात नाही ते दुर्गाबाईंकडे भरपूर आहे. एकाच वेळी काय काय चाललंय, हे. पानं गळणं आणि पालवी फुटणं, फुलोरा आणि फळ, रंग आणि वास हे त्या एकत्र बघतात. मार्शम ओकपुढे तारीख लिहून पुढे जातो. पालवी आधी कुठल्या रंगाची होती, किती दिवसांत हिरवी झाली, बाजूच्या झाडावर तेव्हा काय चाललं होतं, हे तो सांगत नाही. तुम्हाला नोंदवहीचे रकाने ठरवायचे असतील, काय काय टिपण्याजोगं आहे याची यादी करायची असेल, तर आधी ‘ऋतुचक्र’ वाचा. संशोधनात त्याची जागा प्रश्न तयार करण्यात आहे. मोजमापाच्या तक्त्यात ते कोंबू नका. हा त्या पुस्तकाचा अपमान नाही. लोकसाहित्याच्या संशोधनात आयुष्य घालवलेल्या बाईंना पुराव्याचे प्रकार वेगळे ठेवणं पटलंच असतं, असं मला वाटतं.

आता सगळ्यात मोठी अडचण. समजा तुमच्याकडे तारखा आहेत, वर्षं आहेत, झाडं ठरलेली आहेत, भर बहरही टिपलाय. तरीही ‘लवकर फुललं, म्हणजे तापमान वाढलं’ हे नॉरफकमधलं तर्कशास्त्र सह्याद्रीत जसंच्या तसं आणता येणार नाही. तिकडे झाड थंडीने अडवून धरलेलं असतं. ठरावीक थंडी भोगून झाली आणि ऊब वाढली की पान फुटतं. आपल्याकडे पानझडी जंगलात फेब्रुवारी-मार्चला काय अवस्था असते? पाऊस पडून चार-पाच महिने झालेले, वरची माती कोरडी ठक्क, ऊन चढतंय, आणि अशा वेळी कुसुंब लालबुंद पालवतो, पिंपळ तांबूस होतो, पळस-सावर-पांगारा पानं टाकून फुलतात. पावसाची वाट न बघता झाडं एवढ्या कोरड्यात नवी पानं काढतातच कशी? स्टीफन एलियट, पॅट्रिक बेकर आणि रॉल्फ बोर्शर्ट यांनी २००६ च्या लेखात यालाच आशियातल्या मोसमी जंगलांचा विरोधाभास म्हटलं. बोर्शर्ट आणि इतरांच्या कामातून पुढे आलेलं एक स्पष्टीकरण असं की पुष्कळ जातींमध्ये दिवस मोठा होत जाणं ही इशाऱ्याची घंटा असते आणि मुळांना खोलवर मिळणारं पाणी हे भांडवल.

याचे परिणाम बघा. दिवसाची लांबी दर वर्षी त्याच तारखेला तेवढीच असते. तेव्हा दिवसाच्या लांबीवर चालणाऱ्या झाडाची तारीख तापमानाने फार हलायला नको. हललीच, तर आधी गेल्या पावसाळ्याकडे आणि जमिनीतल्या पाण्याकडे बघावं लागेल. नाल्याकाठचा पळस आणि माथ्यावरचा पळस वेगळे वागतील. सोसायटीच्या बागेतल्या पिंपळाला माळी रोज पाइपने पाणी घालतो, त्याच्या तारखेत तुम्ही हवामान मोजाल की माळी? आणि आंबा तर आणखी निराळा. त्याचा मोहोर थंडीशी बांधलेला, म्हणून तो पंचांगातला वसंत लागायच्या कितीतरी आधी येतो. एकाच अंगणातल्या आंब्याला आणि पिंपळाला ‘वसंताची चाहूल’ या एकाच मथळ्याखाली घालणं कवितेत चालेल. सिनॉप्सिसमध्ये दोघांसाठी दोन वेगळी कारणं मांडावी लागतील. तसं बघितलं तर पंचांगातला वसंतही आपल्याला नीट बसत नाही. चैत्र-वैशाख म्हणजे वसंत म्हणायचं आणि त्याच वैशाखाला ‘वणवा’ही म्हणायचं, हे मराठीत शतकानुशतकं सुखाने चाललंय.

तेव्हा नोंद करायचीच असेल तर कशी? नेचर कॉन्झर्व्हेशन फाउंडेशनचा ‘सीझनवॉच’ हा उपक्रम २०१० पासून चालू आहे. त्याची रीत मला पटते. एक झाड निवडायचं, दर आठवड्याला त्याच झाडापाशी जायचं, आणि पालवी, फुलं, फळं यांपुढे ‘नाही’, ‘थोडी’ किंवा ‘खूप’ एवढंच लिहायचं. दिसायला शाळकरी, पण मार्शमच्या वहीतल्या दोन त्रुटी इथे भरून निघतात. बहर आणि शेवट दोन्ही सापडतात, कारण तुम्ही पहिलं फूल पाहून घरी बसत नाही. आणि ‘नाही’ ही सुद्धा नोंद होते. मार्शमच्या तक्त्यात ओकपुढे १८ एप्रिल आहे असं समजा. १७ ला तो बघून आला होता आणि पान नव्हतं, की आठवडाभर तिकडे गेलाच नव्हता? तक्ता सांगत नाही.

म्हणून तुमच्या वहीत ३ फेब्रुवारीला ‘फूल नाही’ आणि १० फेब्रुवारीला ‘थोडी’ असं असेल, तर पहिल्या फुलाची तारीख १० फेब्रुवारी लिहू नका. ते ३ आणि १० च्या मधे कधीतरी उमललं, एवढंच तुम्हाला माहीत आहे आणि विश्लेषणातही तेवढंच घ्या. त्यासाठी पद्धती आहेत, त्यांना अंतरालाचा डेटा चालतो. आणि परीक्षा असल्यामुळे १७ तारखेला जाता आलं नाही, तर तिथे ‘नाही’ लिहू नका. तो रकाना रिकामा सोडा आणि बाजूला लिहा: गेलो नाही.